बोगार्टने एकच माणूस वीस वेळा केला, असं म्हणणाऱ्यांना

जुन्या हॉलिवूडवर प्रेम करणाऱ्यांमध्ये हम्फ्री बोगार्ट या नटाबद्दलचा एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: बोगार्टने नॉयरमध्ये, म्हणजे काळोख्या गुन्हेगारी चित्रपटांत, आयुष्यभर एकच माणूस केला. पावसाळी कोट, तिरपी हॅट, ओठात सिगारेट, वरून फणसासारखा काटेरी आणि आतून गोड. सॅम स्पेड आणि फिलिप मार्लो या त्याच्या दोन खाजगी गुप्तहेरांची अदलाबदल केली तरी कुणाला कळणार नाही. त्याची सर्वोत्तम नॉयर भूमिका म्हणजे 'कॅसाब्लांका'तला रिक. मोठ्या भूमिका मिळाल्या त्या जॉर्ज राफ्ट या दुसऱ्या नटाने नाकारल्या म्हणून. आणि शेवटी, तो अभिनय करतच नव्हता, स्वतःलाच पडद्यावर उभं करत होता.

हे वाचून माझा जीव तुटतो, कारण हे लिहिणाऱ्याने एक छायाचित्र पाहिलंय, चित्रपट पाहिलेले नाहीत असं वाटतं.

स्पेड आणि मार्लो यांच्यापासूनच सुरुवात करू. 1941 च्या 'द माल्टीज फाल्कन'मध्ये स्पेडच्या भागीदाराचा खून होतो. स्पेडचं त्याच भागीदाराच्या बायकोशी प्रकरण चालू आहे. खुनाच्या दुसऱ्याच दिवशी तो सेक्रेटरीला सांगतो की दारावरचं मेलेल्याचं नाव काढून फक्त माझं ठेव. हा माणूस आतून गोड नाही. तो हुशार आहे, लोभाच्या अगदी काठावर उभा आहे आणि समोरच्याला खेळवण्यात त्याला मजा येते. गुटमन या खलनायकाच्या खोलीत तो संतापाने ग्लास फोडतो, धमक्या देतो, दार आपटून बाहेर पडतो. कॉरिडॉरमध्ये आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं, म्हणजे तो सगळा राग नाटक होता. आणि मग त्याचं लक्ष स्वतःच्या हाताकडे जातं. हात थरथरतोय. नाटक होतं, पण सगळंच नाटक नव्हतं. एकही संवाद नसलेल्या त्या काही सेकंदांत बोगार्टने स्पेडचा स्वभाव उघडा केलाय.

आता 1946 च्या 'द बिग स्लीप'मधला मार्लो. दोघांतला फरक बघायचा असेल तर एलिशा कुक ज्युनिअर या छोट्या चणीच्या नटाकडे बघा. तो दोन्ही चित्रपटांत आहे. 'फाल्कन'मध्ये तो विल्मर, गुटमनचा पोरगेला बंदूकवाला. स्पेड त्याचा कोट मागून खांद्याखाली ओढतो, हात अडकवतो आणि पिस्तुलं काढून घेतो. पुढे पोलिसांना बळी हवा तर हाच पोरगा देऊन टाका, असं त्याच्या तोंडावर सुचवतो. 'बिग स्लीप'मध्ये हाच कुक हॅरी जोन्स झालाय. आपल्या बाईचा ठावठिकाणा खरा सांगायचा नाही म्हणून तो खोटा पत्ता देतो आणि कनिनो या मारेकऱ्याने पुढे केलेलं विष पितो. मार्लो शेजारच्या खोलीत उभा राहून ऐकतोय, काही करू शकत नाही. नंतर त्या मेलेल्या छोट्या माणसाबद्दल बोलताना त्याच्या आवाजात जो आदर आणि जी शरम आहे, ती स्पेडच्या तोंडी कल्पनेतही बसत नाही. नट तेच दोघं, खोलीतला धोका तोच, आणि माणूस पूर्ण वेगळा. अदलाबदल करून बघाच. स्पेड हॅरी जोन्सला केव्हाच विकून मोकळा झाला असता.

मार्लो खेळकरही आहे. पुस्तकांच्या दुकानात शिरताना तो हॅटची कड वर मुडपतो, काळा चष्मा लावतो आणि नाजूक आवाजात दुर्मीळ आवृत्त्यांची चौकशी करणारा चोखंदळ ग्राहक होतो. 'एकच माणूस' करणाऱ्या नटाला हे सुचत नाही.

कोट आणि हॅटबद्दल. 1947 च्या 'डार्क पॅसेज'मध्ये बोगार्टचा चेहराच सुमारे तासभर दिसत नाही. तुरुंगातून पळालेला माणूस, आणि कॅमेरा म्हणजे त्याचे डोळे. प्लास्टिक सर्जरीनंतर तो पट्ट्यांत गुंडाळलेला, बोलायचीही बंदी. आधी फक्त आवाज, मग फक्त डोळे. स्टुडिओच्या सर्वांत महागड्या चेहऱ्याला इतका वेळ झाकून ठेवणाऱ्या चित्रपटाला लोक विसरतात याचं मला वाईट वाटतं. याच सुमारास त्याने बायकोचा खून करणारे दोन नवरे केले, 'कॉन्फ्लिक्ट' आणि 'द टू मिसेस कॅरोल्स'मध्ये. दोन्ही चित्रपट सामान्य आहेत आणि दुसऱ्यात तो चुकीच्या जागी आहे, हे मी मान्य करतो. पण काटेरी फणसाचा गोड गरा तिथे शोधायला जाऊ नका.

'कॅसाब्लांका'. त्यावर माझंही प्रेम आहे. छायाचित्रण आर्थर एडसनचं, म्हणजे 'फाल्कन'चाच कॅमेरामन, त्यामुळे भिंतींवरच्या त्या सावल्या नॉयरच्याच वाटतात. पण नॉयर सावल्यांवर ठरत नाही. नॉयरमध्ये माणूस आपल्या भूतकाळाखाली किंवा हव्यासाखाली हळूहळू दबत जातो. रिक उलट दिशेने जातो: कडवट सुरुवात, मग त्याग, शेवटी नवी मैत्री आणि लढ्यात उतरणं. ही युद्धकाळातली महान प्रेमकथा आहे. तिला नॉयरच्या यादीत पहिला क्रमांक दिला की खरे पहिले क्रमांक झाकले जातात.

राफ्टचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. 'हाय सिएरा' राफ्टने नाकारला, हे खरं. 'फाल्कन' महत्त्वाचा चित्रपट नाही असं त्याने स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नरला लिहून कळवलं, हेही खरं. पण 'कॅसाब्लांका'साठी राफ्टचं नाव वॉर्नरने पुढे केलं तेव्हा निर्माता हॅल वॉलिसने ते बाजूला सारलं. त्याला बोगार्टच हवा होता. त्याआधी 1936 च्या 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट'मध्येही स्टुडिओला एडवर्ड जी. रॉबिन्सन घ्यायचा होता. मूळ नाटकात बोगार्टबरोबर काम केलेल्या लेस्ली हॉवर्डने हट्ट धरला, म्हणून ड्यूक मँटी या गुंडाची भूमिका बोगार्टकडे राहिली. याला नुसतं नशीब कसं म्हणायचं? सोबतच्या नटाने त्याचं काम बघून आपली पत पणाला लावली होती.

आणि नाकारलेली भूमिका आपोआप चांगली होत नसते. 'हाय सिएरा'चा रॉय अर्ल बघा. तुरुंगातून सुटल्यावर तो आधी बागेत जातो. गवत अजून हिरवं आहे का, झाडं वाढताहेत का, हे बघायला. कानशिलांवर पांढरे केस, तुरुंगातली हजामत, आणि गवताकडे बघताना चेहऱ्यावर आलेला पोरकटपणा. तो एका लंगडणाऱ्या मुलीच्या शस्त्रक्रियेचा खर्च करतो, तिच्याशी लग्नाची स्वप्नं बघतो, आणि ती बरी होऊन दुसऱ्याबरोबर नाचायला लागते. तेव्हा बोगार्ट काहीही मोठं करत नाही, फक्त कडक होतो. शेवटी डोंगरावर लपलेला असताना कुत्र्याचं भुंकणं ऐकून तो आपली सोबतीण मारी हिच्या नावाने हाक मारत उघड्यावर येतो आणि गोळी खातो. राफ्टला शेवटी मरणारा माणूस करायचा नव्हता. बोगार्टला मरता येत होतं.

उरला शेवटचा आरोप, की तो स्वतःचीच भूमिका करायचा. त्याचं उत्तर 1950 च्या 'इन अ लोनली प्लेस'मध्ये आहे आणि माझ्या मते बोगार्टची सर्वोत्तम नॉयर भूमिका हीच. हा चित्रपट त्याच्या स्वतःच्या सँटाना कंपनीचा. कंपनीला नाव त्याच्या शिडाच्या बोटीचं. म्हणजे इथे राफ्टचा नकार नाही, स्टुडिओची सक्तीही नाही. हा माणूस त्याने स्वतः निवडला.

डिक्स स्टील पटकथालेखक आहे, हुशार, प्रेमळ आणि हिंसक. एका मुलीच्या खुनाचा संशय त्याच्यावर आहे. तो पोलिस मित्राच्या घरी जातो आणि मित्राला नि त्याच्या बायकोला खुर्च्यांवर बसवून खून कसा झाला असेल ते करून दाखवायला सांगतो. तो वर्णन करत जातो, प्रकाशाचा पट्टा त्याच्या डोळ्यांवर येतो, आणि त्या डोळ्यांत आनंद आहे. मित्राचा हात बायकोच्या गळ्याभोवती खरंच आवळत जातो. नायकाच्या चेहऱ्यावर असा आनंद दाखवायची हिंमत त्या काळच्या किती बड्या नटांनी केली असती?

लुईस ब्रुक्स या जुन्या अभिनेत्रीने बोगार्टला जवळून पाहिलं होतं, आणि तिने लिहिलंय की खरा बोगार्ट डिक्सच्या खूप जवळ होता. मग आरोप खराच ठरला ना, असं कुणी म्हणेल. पण लोकांनी ज्याला 'बोगार्ट' मानलं तो रिक आहे, डिक्स नाही. प्रेक्षकांना आवडणारा आपला चेहरा पुन्हा पुन्हा विकणं वेगळं. आपल्यातलं जे बघून बायका घाबरतात ते स्वतःच्या पैशाने पडद्यावर आणणं वेगळं.

सकाळच्या स्वयंपाकघरातला प्रसंग बघा. डिक्स ग्रेपफ्रूट कापायची वाकडी सुरी हातात घेतो आणि ती बिघडलीय समजून सरळ करतो. प्रेयसी लॉरेलसाठी नाश्ता करायचाय, मनात प्रेम आहे, आणि हात नीट असलेली वस्तू मोडतायत. लॉरेल झालेली ग्लोरिया ग्रॅहम ते बघते आणि आपणही तिच्याबरोबर घाबरतो.

शेवटी तो निर्दोष असल्याचं सांगणारा फोन येतो. तोवर त्याचे हात लॉरेलच्या गळ्यावर पोचलेले असतात. ज्या पटकथेवर काम सुरू केलं होतं तिच्यात तो तिला मारतोच. दिग्दर्शक निकोलस रेने तो शेवट बदलला. आता डिक्स हात सोडतो, जिन्याने खाली उतरतो आणि अंगण ओलांडून कमानीतून निघून जातो. तो खुनी नव्हता, हे खरं ठरलंय. तिची भीतीही खरी ठरलीय. त्याच्या पाठमोऱ्या चालण्यात दोन्ही गोष्टी दिसतात.