पप्पांच्या दोन पेट्या

पप्पा गेले त्याला येत्या रविवारी वर्ष होईल. त्या आठवड्यात भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी चहा पिता पिता विचारलं, "वडिलांनी जन्मभर सेवा केली म्हणतात, मग किती लोकांना ख्रिस्ती केलं असेल रे त्यांनी?" माणूस वाईट नव्हता, सहज बोलून गेला. मी "माहीत नाही" म्हणालो आणि बिस्किटांची बशी पुढे केली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

पप्पा पाळक नव्हते. ओझरला एचएएलमध्ये, मिग विमानांच्या कारखान्यात फिटर होते. रविवारी उपासनेत पेटी वाजवायचे आणि पाळकसाहेब गावाला गेले की संदेशही द्यायचे. बरोबर १२ मिनिटं. "तेरावं मिनिट माझं असतं, प्रभूचं नाही," म्हणायचे. हल्ली दोन-दोन तास माइक न सोडणारे आणि शेवटी हात वर करणाऱ्यांची मोजदाद करणारे वक्ते ऐकले की मला पप्पांचं ते मनगटी घड्याळ आठवतं.

पेटीवर त्यांचा खरा जीव ना. वा. टिळकांच्या गीतांत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगायचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या इथल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यामुळे "तुमचा धर्म परदेशी" असं कुणी म्हटलं, की पप्पा वाद घालत नसत. पेटी पुढे ओढायचे आणि अभंग सुरू करायचे. शेजारचे तात्या पक्के वारकरी, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाणारे. नाताळात ते मृदंग घेऊन आमच्याकडे हजर. दोघांचं धर्मावरून कधी वाजलं नाही. वाजलं ते लयीवरून. "अरे, किती पळवतोस!"

ही एक पेटी. दुसरीबद्दल घराबाहेर आम्ही फारसं बोलायचो नाही.

मंडळीत कुणी गरीब वारलं की रात्री दारावर थाप पडायची. पप्पा टेप घेऊन निघायचे, माप आणायचे आणि मागच्या पडवीत करवत सुरू व्हायची. खोक्यांच्या जुन्या फळ्या, वरून काळं कापड, झाकणावर पांढऱ्या फितीचा क्रूस. पैसे घेत नसत. सकाळी पेटी घरी पोचवून तसेच कंपनीची बस पकडायचे. माझ्या दहावीच्या गणिताच्या पेपराआधीच्या रात्री ती करवत दोन वाजेपर्यंत चालली होती. मी ओरडलो, "तुम्हाला आमच्यापेक्षा मेलेली माणसं जवळची!" ते काही बोलले नाहीत. करवत ठेवली आणि उरलेलं काम पटाशीने, आवाज न करता केलं. मित्र घरी यायला बिचकायचे, त्याचाही राग होताच. खोटं कशाला सांगू, तो राग पुरता गेलाय असं नाही.

पप्पांची आवडती गोष्ट शरणपूरचीच होती. आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आठवतात, पण गेल्या शतकाच्याही आधी इथल्या मिशनच्या शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची. त्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा सोबत्यांनी त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. दफनाची प्रार्थना वाचली ती या जेकबने. मग देह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेला, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत सोबत गेला तोही जेकबच. "नाशकात शिकलेलं पोर," पप्पा छाती फुगवून सांगायचे, "आणि शिकलं काय, तर माणसाला नीट पोचवायचं!"

परवा पडवी आवरली. दाराआडच्या भिंतीवर पेन्सिलीने मापं लिहिलेली आहेत. ५ फूट ४. ५ फूट ९. मध्येच एक २ फूट २. नाव एकाही मापापुढे नाही. ख्रिस्ती किती केले ते मला अजूनही ठाऊक नाही, मापं मात्र १४३ आहेत. ज्यांना सेवेचा हिशेबच हवा असेल, त्यांनी येऊन भिंत बघावी.

पप्पांची स्वतःची पेटी तयार आणली, पॉलिश केलेली, सोनेरी कड्यांची. घाईत माप घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. सहा इंच मोठी निघाली. आम्ही भाऊ एकमेकांकडे बघत उभे होतो. तात्या पुढे झाले, गळ्यातलं उपरणं काढलं, घड्या घातल्या आणि पायाशी दाबून बसवलं. "उचलताना सरकायला नको," एवढंच म्हणाले, आणि झाकण लावायला त्यांनीच हात दिला.