बोर्ड कुठलं?

"बोर्ड कुठलं?"

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्यानं माझ्याकडे न बघताच विचारलं. जून महिना, दुकानासमोर तीन पदरी गर्दी, आणि याच्या तोंडी दिवसभर हा एकच प्रश्न.

"बोर्ड नाही," मी म्हणालो.

आता त्यानं बघितलं. "मग इयत्ता?"

"वयानं सहावी. बीजगणितात नववी. अक्षरात दुसरी."

शिडीवर चढलेला पोऱ्या चढल्या जागी थांबला. शेजारी गाईड मागायला उभ्या असलेल्या बाई पर्स पोटाशी धरून अर्धं पाऊल मागे सरकल्या. पुस्तकवाला मात्र मुरलेला होता. "तिन्ही देऊ?" म्हणाला.

रेवाला आम्ही गेल्या दिवाळीत शाळेतून काढलं. का काढलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख आमचे नातेवाईक तोंडी लिहितच आहेत. भांडण वगैरे काही झालं नाही. शाळा आणि रेवा एकमेकींना कंटाळल्या होत्या, इतकंच. आत्यानं "प्रबोधिनीला बसवायचं होतंत पाचवीत!" असं म्हणून घेतलं. प्रबोधिनी म्हणजे पुण्यातली हुशार मुलांची शाळा. मामेभावानं "पुढं दहावीचं काय?" विचारलं. त्याला मी एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिथं चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, असं सविस्तर सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण दहावीचं काय?"

भाषा, इतिहास, विज्ञान यांची व्यवस्था बायकोनं एका आठवड्यात लावली. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "गणित तू बघ. इंजिनिअर आहेस ना!"

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, मला केटी लागली होती. त्या पेपरातल्या लाप्लासनं मला दोनदा आडवा केला आणि तिसऱ्यांदा केवळ दया येऊन सोडला. हे बायकोला माहीत आहे. मुलीला माहीत नव्हतं.

आता इंजिनिअर माणूस निर्णय घेण्यापूर्वी काय करतो? एक्सेल उघडतो. मी पाच रांगा केल्या. पहिली बालभारती. दुसरी एनसीईआरटी. तिसरी सिंगापूरची पद्धत. चौथी अमेरिकेतली, हुशार मुलांसाठीच लिहिलेली 'आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग'ची पुस्तकं. पाचव्या रांगेत, जरा संकोचानं, "बाबा (स्वतः तयार केलेला अभ्यासक्रम)". वर रकाने: खोली, सराव, खर्च, समजावण्याची हातोटी, चित्रं आणि सगळ्यात शेवटी, अक्षरं बारीक करून, "बापाला झेपेल का". प्रत्येक रकान्याला टक्केवारीत वजन. दहापैकी मार्क. रांगांना हिरवा-पिवळा रंग. रात्री दीडला मी ती फाईल जतन केली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की गणित शिकवून झाल्यासारखंच झोपलो.

सुरुवात बालभारतीनं केली, कारण ती घरची. रेवानं सातवीचं पुस्तक शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर घेतलं आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळी परत दिलं. "चांगलंय," म्हणाली. गोष्टीचं पुस्तक वाचून झाल्यावर म्हणतात तसं.

सिंगापूरच्या पद्धतीत शाब्दिक गणिताला आधी पट्ट्या काढायच्या असतात. ताईकडे दादाच्या तिप्पट गोट्या, की दादाची एक पट्टी, ताईच्या तीन. मला ही पद्धत फार आवडली. माझ्या लहानपणी कुणी अशा पट्ट्या काढून दाखवल्या असत्या तर लाप्लासला मी बघून घेतलं असतं. रेवानं दोन पानं चाळली. "बाबा, हा एक्सच आहे. फक्त आडवा झोपलाय."

मग भाषेचा घोळ सुरू झाला. दर आठवड्याला नवं पुस्तक आणल्यामुळे घरात मसावि, एचसीएफ आणि जीसीएफ असे तीन पाहुणे वावरू लागले. तिघे एकच गृहस्थ आहेत हे कळायला मला दोन दिवस लागले. क्रियांच्या क्रमाचं तर विचारू नका. मी बॉडमास म्हणणारा. अमेरिकन पुस्तकाचं पेमडास. माझे वडील, म्हणजे आप्पा, आतल्या खोलीतून ओरडले, "कंचेभागुबेव!" बायकोला वाटलं त्यांना ठसका लागला. ती पाणी घेऊन धावली.

आप्पा एक्याऐंशी वर्षांचे. पोस्टात नोकरी केली, आणि कॅल्क्युलेटरला आजही 'ते यंत्र' म्हणतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली एकवीसला 'वीस एक' असंही म्हणायला सुचवलं, तेव्हा महाराष्ट्रभर जो गदारोळ झाला त्यात आमच्या घरापुरती बाजू आप्पांनी लढवली होती. "ज्याला त्र्याण्णव म्हणता येत नाही, त्यानं उसने पैसे देऊ नयेत," हे त्यांचं मत. रेवा त्र्याण्णवला नाइंटी-थ्री म्हणते. त्या पापाचा धनी मी.

एनसीईआरटीचं सहावीचं नवं पुस्तक, 'गणित प्रकाश', २०२४ साली आलं. संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं, म्हणून खर्चाच्या रकान्यात मी त्याला दहापैकी दहा दिले. त्यात एका प्रकरणात आपले कापरेकर भेटतात. देवळालीचे शाळामास्तर, आणि त्यांची ती ६१७४ ही संख्या. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमानं लावायचे, त्यातून चढत्या क्रमानं लावलेले वजा करायचे, आणि हेच करत राहायचं. फार तर सात वेळा केलं की ६१७४ वर गाडी येऊन थांबते. आप्पांनी दुधाच्या बिलाच्या पाठीवर तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा गाडी देवळालीला थांबली. त्या दिवशी पुस्तकाला त्यांच्याकडून मान्यता मिळाली.

त्याच प्रकरणात एक दुसरा खेळ आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. असं करत गेलं की शेवटी एक येतो. येतोच का? ते अजून जगात कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. रात्री दहा वाजता रेवानं मला हे दाखवलं. सव्वीस घेऊन केलं. तेरा, चाळीस, वीस, दहा, पाच, सोळा, आठ, चार, दोन, एक. दहा पायऱ्या, अर्धं मिनिट.

"अजून एक," ती म्हणाली.

"बरं, आता सत्तावीस. मग झोप," मी म्हणालो.

हे वाक्य मी का बोललो? सत्तावीसच का? अठ्ठावीस म्हणालो असतो तर अठरा पायऱ्यांत सुटलो असतो. सत्तावीसच्या ब्याऐंशी झाल्या, ब्याऐंशीच्या एक्केचाळीस, मग एकशे चोवीस, बासष्ट, एकतीस. मी म्हटलं, आली खाली. एकतीसच्या चौऱ्याण्णव झाल्या. अकरा वाजता आम्ही हजाराच्या वर होतो. बायको दारात येऊन "दिवा?" एवढंच म्हणून गेली. मध्ये मी मदत म्हणून एक तिप्पट केली, ती चुकली, आणि चार पायऱ्या मागे यावं लागलं. त्यानंतर पेन्सिल माझ्याकडून काढून घेण्यात आली. सत्त्याहत्तराव्या पायरीला ९२३२. मी उशीवर डोकं टेकून आढ्याकडे बघत होतो. एकशे अकराव्या पायरीला एक आला तेव्हा रेवा टवटवीत होती.

"पण सगळ्यांचा एकच येतो हे कशावरून? उत्तरांचं पान कुठंय?"

"उत्तर कुणालाच माहीत नाही."

"मग पुस्तकात कसं छापलं?" आणि ती झोपली. मी नाही झोपलो.

अमेरिकन पुस्तक आलं ते कुरिअर आणि कर धरून साडेसहा हजारांना. बायकोनं पावती वाचली आणि घडी करून देवापुढे ठेवली. पुस्तक खरोखर उत्तम आहे. आधी गणित देतं, झगडायला लावतं, मग समजावतं. पहिल्याच प्रकरणात, बेरीज उलटसुलट केली तरी तीच का येते, इथपासून सुरुवात. मी तीस वर्षं बेरजा उलटसुलट करत आलो, पण 'का' असं त्यांना कधी विचारलं नव्हतं. रेवा खूश. अडचण एकच, नाणी. अमेरिकन माणसाला गणित सुचलं की त्याचा हात खिशात जातो. निकेल पाच सेंटांचं, डाइम दहाचं, आणि दहाचं डाइम पाचाच्या निकेलपेक्षा आकारानं लहान. हे कळल्यावर रेवानं त्या देशाबद्दल जे मत बनवलं ते अजून बदललेलं नाही.

एका संध्याकाळी असंच एक गणित निघालं. सतरा नाणी, निकेल आणि डाइम मिळून. एकूण सव्वा डॉलर. प्रत्येक किती? मी बाह्या सरसावल्या. निकेल एक्स, डाइम वाय, पहिलं समीकरण, दुसरं समीकरण. दुसऱ्याला पाचानं भागत होतो तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"आठ डाइम. नऊ ते दुसरं."

पेपर बाजूला ठेवून आप्पा बाहेर आले. "अरे, सगळी पाचाचीच धर. सतरा पाचं पंच्याऐंशी. सव्वाशेला चाळीस कमी. एक नाणं बदललं की पाच वाढतात. आठ नाणी बदल. यात एक्स कशाला हवा?"

रेवानं माझ्या वहीकडे बघितलं, मग आप्पांकडे. बापाची बाजू कुठं संपते ते पोरांना बरोबर कळतं.

"आजोबा, आणि क्वार्टर म्हणजे पंचवीस सेंट."

"म्हणजे चार आणे! पावकी!" आप्पांचा चेहरा उजळला. चार आणे आपल्याकडे २०११ साली बंद झाले. ते अमेरिकेत जिवंत आहेत हे कळल्यावर, दूरच्या भावकीचा ठावठिकाणा लागल्यासारखे ते हरखले. "विचार, कितीही क्वार्टर विचार."

"सतरा."

"सव्वाचार."

त्या दिवसापासून साडेसहा हजारांचं पुस्तक आप्पांच्या खोलीत गेलं. तिथून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीचे आवाज येतात. एकदा "औटकी!" ऐकू आलं आणि रेवानं विचारलं, "कोण आऊट?" औट म्हणजे साडेतीन. सतरा औट किती, तर आप्पा श्वास न घेता साडेएकोणसाठ म्हणतात. रेवा सतराला सातानं गुणून निम्मे करते आणि तिथंच पोचते, फक्त अर्धा सेकंद उशिरा. तो अर्धा सेकंद ती सध्या कमी करते आहे. ते कुठल्या अभ्यासक्रमात बसतं, मला विचारू नका.

तरी माझं एक्सेल होतं. मधल्या काळात मी मार्क सुधारले, रकाने रुंद केले. परवा रात्री निकाल लावायचा म्हणून फाईल उघडली, तर एक जादा पान निघालं. नाव: रेवा.

"बाबा, तुझ्या वजनांची बेरीज केलीस?"

तीस, वीस, वीस, पंधरा, पंधरा आणि दहा. मी मनात केली. मग बोटांवर केली.

"एकशे दहा टक्के येतात," ती म्हणाली. "पण ते जाऊ दे. प्रमाण तेच राहतं, त्यामुळे नंबर बदलत नाहीत. मी दुसरंच बघत होते." कुठलं वजन किती ठेवलं तर कोण पहिलं येतं, हे तिनं मांडलं होतं. खोली वाढवली की अमेरिका. चित्रं वाढवली की सिंगापूर. सराव वाढवला की बालभारती. सगळं थोडं थोडं ठेवलं की एनसीईआरटी. "म्हणजे तुला जे हवं ते तू पहिलं आणू शकतोस. फक्त पाचवी रांग सोडून."

पाचवी रांग, म्हणजे मी.

"एनसीईआरटी सगळ्या रकान्यांत तुझ्या पुढं आहे. फक्त खर्चात तुम्ही बरोबरीत, दोघं फुकट. म्हणून कुठलीही वजनं दिली तरी तू एकटा पहिला येत नाहीस. खर्चाला शंभर टक्के दिले तर येतोस, पण तेव्हाही एकटा नाही. खाली सिद्धता लिहिलीय." ती क्षणभर थांबली. "बाबा, तुझाच अभ्यासक्रम तुला झेपेल का, याला तू स्वतःला सहाच मार्क का दिलेस?"

स्वयंपाकघरात भांडी विसळण्याचा आवाज बंद झाला. बायको कान देऊन ऐकत होती.

"झोप आता," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी ती सिद्धता वाचली. बारा ओळी होत्या. चूक असणारच, म्हणून साडेअकरापर्यंत ओळ न् ओळ तपासली. आणि सापडली. शेवटच्या ओळीत 'सिद्ध'ची सि दीर्घ काढली होती.

मी पानाची प्रत छापली, लाल पेन शोधलं आणि ती ऱ्हस्व केली.