आयरिश आडनावावरून कूळ सापडते का?

आयरिश वंशाच्या लोकांमध्ये एक दावा मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. तो असा : ‘आयरिश आडनाव सांगा, त्यावरून कूळ, कुळाचा प्रदेश आणि कुलचिन्ह कळते, आडनावाचे रूप बिघडले असेल, तर ते न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी करणाऱ्या केंद्रातील कारकुनाने बिघडवले, आणि 1922 साली आयर्लंडचे सगळे दप्तर जळाल्यामुळे आडनावाखेरीज दुसरा आधार उरलेला नाही.’ यांतील एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचे तर शोध सुरू होण्याआधीच माणसाला परत फिरवणारे असल्यामुळे सर्वांत घातक आहे.

आधी कुळाविषयी. ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू, म्हणजेच वंशज. हे शब्द पूर्वजाच्या नावाआधी लावून अनेक आयरिश आडनावे तयार झाली. पण एकाच नावाचे पूर्वज अनेक ठिकाणी होऊन गेले. मर्फी हे आडनाव वेक्सफर्डमध्ये आणि कॉर्कमध्ये परस्परांशी संबंध नसलेल्या घराण्यांत स्वतंत्रपणे आले. आयर्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यातील अधिकारी रॉबर्ट मॅथेसन यांनी 1890 सालच्या जन्मनोंदींच्या आधारे आयर्लंडमधील मर्फींची संख्या 62,600 च्या आसपास असल्याचा अंदाज केला होता. इतक्या माणसांना एका कुळात बसवणे शक्य नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इंग्रजी अमलाखाली ‘ओ’ आणि ‘मॅक’ बऱ्याच आडनावांवरून गळून पडले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक, म्हणजे आयरिश भाषा-संस्कृतीच्या, पुनरुज्जीवनाच्या काळात अनेकांनी ते पुन्हा लावले, त्यामुळे सलिव्हन आणि ओ’सलिव्हन एकाच घरातले असू शकतात. कॅव्हन काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्हा) मॅकगोवन, म्हणजे ‘लोहाराचा मुलगा’, यांच्यापैकी अनेकांची आडनावे भाषांतर होऊन ‘स्मिथ’ झाली आणि आज त्यांचे वंशज इंग्रज समजले जातात. कुलचिन्हाचे म्हणाल, तर ते व्यक्तीला बहाल होते, आडनावाला नव्हे.

एलिस बेटाचा मुद्दा तारखांवरच कोसळतो. हे केंद्र 1 जानेवारी 1892 रोजी सुरू झाले. बटाट्याच्या पिकावरील रोगाने ओढवलेला महादुष्काळ 1845 ते 1852 या काळातला. त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि किमान तितकीच देश सोडून गेली. ज्या पूर्वजांची कहाणी सर्वांत जास्त सांगितली जाते, त्यांनी हे केंद्र कधी पाहिलेच नाही. शिवाय प्रवाशांच्या याद्या जहाज कंपनीची माणसे निघण्याच्या बंदरात लिहीत, आणि बेटावरील निरीक्षक ती यादी समोर ठेवून प्रश्न विचारीत. आडनावांची रूपे बदलली ती बहुधा आधीच, आयर्लंडमध्ये, आयरिश बोलणाऱ्यांची नावे कानाला लागतील तशी इंग्रजीत लिहिली गेली तेव्हा, किंवा नंतर, स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आपणहून बदलली तेव्हा.

केवळ नावावर विसंबले की काय होते, हे याच बेटावर पहिली नोंद झालेल्या ॲनी मूर या कॉर्कच्या मुलीच्या बाबतीत दिसले. कित्येक दशके टेक्सासमध्ये ट्रामच्या धडकेने मेलेली ॲनी मूर हीच ती, असे मानले जात होते. 2006 साली वंशावळ-संशोधिका मेगन स्मोलेन्याक यांनी सिद्ध केले, की टेक्सासमधील ती बाई मुळात अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मली होती. खऱ्या ॲनीचा संसार न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्येच झाला होता. नाव जुळले होते, माणूस वेगळा होता.

प्रत्येक पूर्वज अमेरिकेलाच गेला असेही नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत आयरिश शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि त्या फौजेतील मुंबईची एक युरोपीय पलटण 1881 मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आता आगीविषयी. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील अभिलेखागार उद्ध्वस्त झाले. 1821 ते 1851 च्या जनगणनांचा बहुतेक भाग आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या निम्म्याहून अधिक वह्या नष्ट झाल्या. ही हानी कमी लेखता येणार नाही. परंतु कॅथलिक पॅरिशांच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांच्या, वह्या तेथे नव्हत्याच; त्यांच्या प्रतिमा नॅशनल लायब्ररीने 2015 पासून विनामूल्य खुल्या केल्या आहेत. 1864 पासूनची सर्वांची जन्म-मृत्यूनोंद, 1901 आणि 1911 च्या जनगणना, आणि 1847 ते 1864 मध्ये करआकारणीसाठी जमीन-घरांचे धारकवार व गाववार केलेले ग्रिफिथ मूल्यांकन सुरक्षित आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत हृद्य दस्तऐवज मात्र वेगळाच आहे. 1909 साली वृद्धांना पेन्शन मिळू लागले आणि सत्तरी ओलांडल्याचा पुरावा हवा म्हणून हजारोंनी 1841 व 1851 च्या जनगणनेत आपले नाव शोधण्यासाठी अर्ज केले. मूळ वह्या जळाल्या, पण ते अर्ज, आईवडिलांच्या नावांसह आणि गावासह, टिकून आहेत.

म्हणून शोधाची सुरुवात आडनावाने नव्हे, तर गावाने करावी. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून अधिक ‘टाउनलँड’, म्हणजे जमिनीचे सर्वांत लहान विभाग, आहेत, आणि पूर्वजाची टाउनलँड किंवा निदान पॅरिश कळेपर्यंत वरीलपैकी कोणतीही वही खात्रीने उघडता येत नाही. टाउनलँडचे नाव बहुधा परदेशातील कागदात सापडते : थडग्यावरील ओळीत, विवाहनोंदीत, न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या खातेदार-नोंदींत. बॉस्टनच्या ‘द पायलट’ या वृत्तपत्रात 1831 ते 1921 या काळात हरवलेल्या आप्तांच्या शोधार्थ जाहिराती येत, आणि भावाचा शोध घेणारी बहीण त्याच्या नावापाठोपाठ काउंटी, पॅरिश आणि कित्येकदा टाउनलँडही लिहीत असे.