आवाज बसलाय? मग ते फॉरवर्ड आधी पुसून टाका

गेले काही दिवस ताईचा फोन आला की कान टवकारून बसावं लागतं. ती कुजबुजते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “आवाजाला विश्रांती देतेय गं, मेसेजमध्ये लिहिलंय.” ताई शिक्षिका आहे. दिवसभर वर्गात बोलायचं हेच तिचं काम, आणि आवाज तर हा मेसेज यायच्या बऱ्याच आधीपासून बसलेला. मग तिनं तो मलाही धाडला: ‘२१ दिवसांत दमदार, भारदस्त आवाज! डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत!’ तुमच्यापर्यंतही पोचला असेल.

त्यात सात उपाय आहेत. आवाज बसला की कुजबुजून बोला. घसा सारखा जोरात खाकरून मोकळा करा. मधाचं गरम पाणी प्या, स्वरतंतूंवर लेप बसतो. गार लागणाऱ्या गोळ्या चघळा. खर्जात बोला, स्वरतंतू जाड होतात. पोटातून बोला. आणि सातवा: घोगरेपणा म्हणजे नुसता थकवा, डॉक्टरकडे धावू नका, २१ दिवस पुरे करा, फरक पडला नाही तर आणखी एक फेरी करा.

कुजबुजीचा सल्ला सगळ्यांना पटतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. नेहमीसारखं बोलताना स्वरतंतू एकमेकांवर आपटत असतात. पुरुषांचे सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा, बायकांचे २०० वेळांच्या आसपास. कुजबुजताना ही आपटाआपट थांबते, एवढं मान्य. पण आवाज नसताना शब्द समोरच्यापर्यंत पोचवायचे म्हणून बहुतेक जण घसा आवळतात, आणि स्वरतंतूंच्या वरचा भाग दाबला जातो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० जणांच्या घशात दुर्बीण घालून हे प्रत्यक्ष पाहिलं होतं. कुजबुजताना ६९ जणांच्या स्वरयंत्रावरचा ताण वाढला, १८ जणांत फरक पडला नाही, १३ जणांत तो कमी झाला. म्हणजे काहींना कुजबुज चालतही असेल. पण आपण त्या तेरांतले की एकोणसत्तरांतले, हे घरबसल्या कळायचं कसं? विश्रांतीच द्यायची तर गप्प बसावं. बोलणं टळत नसेल तर हळू, पण आपल्या नेहमीच्या आवाजात बोलावं.

खाकरण्याबद्दल फार लिहीत नाही. आधीच सुजलेले स्वरतंतू जोरानं एकमेकांवर आदळायचे, त्यानं आणखी सूज, आणखी कफ अडकल्यासारखं वाटणं, की पुन्हा खाकरणं. उबळ आली की घोटभर पाणी प्या नाहीतर नुसता आवंढा गिळा.

मधाच्या लेपाचं मात्र मला खरंच हसू येतं. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर झाकण पडतं, स्वरतंतू स्वतःही घट्ट मिटतात. ही सगळी व्यवस्था काहीही आत जाऊ नये म्हणूनच आहे. एखादा घोट स्वरतंतूंवर पडलाच तर त्याचा लेप बसत नाही, ठसका लागतो. गरम पाण्यानं घशाला बरं वाटतं, ते प्यायला माझी हरकत नाही. भरपूर पाणी पिण्याचा उपयोगही होतो, पण पोटातून रक्तात आणि तिथून स्वरतंतूंच्या अस्तरापर्यंत, सावकाश. ओलावा थेट हवा असेल तर तो श्वासातूनच पोचतो. वाफेला त्यामुळे थोडा अर्थ आहे. फक्त उकळत्या भांड्यावर वाकून तोंड भाजून घेऊ नका.

गार गोळ्यांतला मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतो, सूज तिथंच राहते. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या तर त्याहून वाईट, कारण दुखणं कळेनासं होतं आणि माणूस बोलतच राहतो.

आता खर्ज. स्वरतंतू ‘जाड’ करून आवाज खाली आणायचा, हे लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते कळलं असेल असं वाटत नाही. मोठ्या माणसाचे स्वरतंतू जाड होतात ते बहुतेकदा सूज येऊन. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्यांचा आवाज खाली उतरतो तो असाच. तोच भारदस्तपणा हवा असेल तर प्रश्नच मिटला. मुद्दाम खाली दाबून बोलणाऱ्यांचा घसा दुखतो, आवाज लवकर थकतो, मग चिरकतो. १९८८ साली या दुखण्याला ‘बोगार्ट-बाकॉल सिंड्रोम’ असं नाव दिलं गेलं. हंफ्री बोगार्ट आणि लॉरेन बाकॉल हे दोघं नट खालच्या आवाजासाठी प्रसिद्ध, त्यांच्यावरून. हे नाव रुबाब म्हणून नव्हे, आजार म्हणून दिलं होतं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. सातव्या कलमाचं तसं नाही. ‘डॉक्टरकडे धावू नका, आणखी एक फेरी करा.’ दोन फेऱ्या म्हणजे ४२ दिवस. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ओटोलॅरिंगॉलॉजी या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांच्या संस्थेनं घोगऱ्या आवाजाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ साली सुधारली. त्यात स्पष्ट म्हटलंय की आवाज ४ आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र दुर्बिणीनं पाहिलंच पाहिजे. २००९ च्या आवृत्तीत ही मुदत ३ महिने होती; ती मुद्दाम कमी केली. शिवाय काहींनी ४ आठवडेही थांबू नये असं त्यात आहे: मानेत गाठ असलेले, श्वास घेताना आवाज येणारे, तंबाखू-सिगारेटची सवय असलेले, मानेची किंवा छातीची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, आणि ज्यांचं पोट आवाजावर आहे ते. ताई यातल्या शेवटच्या गटात बसते. तिनं २१ दिवस मोजत बसायचं कारणच नव्हतं.

सर्दीनं बसलेला आवाज बहुधा दोनेक आठवड्यांत सुटतो. न सुटणाऱ्या आवाजामागे स्वरतंतूंवरच्या लहान गाठी असू शकतात, आणि शिक्षकांमध्ये त्या नवलाच्या नाहीत. एखादा स्वरतंतू लुळा पडलेला असू शकतो. डाव्या स्वरतंतूची नस तर मानेतून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर येते. त्यामुळे फुप्फुसातली गाठसुद्धा कधी कधी पहिल्यांदा आवाजातच कळते. आणि स्वरतंतूचा कर्करोग. त्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा घोगरेपणाच असतो, कारण स्वरतंतूच्या काठावर बारीकसा उंचवटा आला तरी कंप बिघडतो. लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते, बऱ्याचदा आवाजही वाचतो. दर घोगऱ्या आवाजामागे कर्करोग नसतो, बहुतेकांमागे नसतोच. पण पाहिल्याशिवाय ‘नुसता थकवा’ हे ठरवलं कुणी? १८५४ साली मानुएल गार्सिया या गायनशिक्षकानं दंतवैद्याचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचं स्वरयंत्र पाहिलं होतं. आज त्याला दवाखान्यात काही मिनिटं लागतात.

‘डॉक्टर हे सांगणार नाहीत’ हा शेराही त्याच तत्त्वांपुढे टिकत नाही. आत न पाहता स्टेरॉइड देऊ नका, उठसूट अँटिबायोटिक देऊ नका, एकट्या घोगरेपणासाठी पित्ताच्या गोळ्या लिहू नका, हे त्यात डॉक्टरांनाच बजावलंय. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे पाठवा, हेही आहे. आवाज बसल्यावर अँटिबायोटिक लिहून मिळालं असेल तर ही ओळ जरूर दाखवा.

राहिलं पोटातून बोलणं. नाइलाजानं सांगते, सातांत बरं हे एकच. आवाज स्वरयंत्रातच तयार होतो, पण श्वास संपत आलेला असताना घशाच्या जोरावर वाक्य रेटण्यापेक्षा वेळेवर श्वास घेतलेला केव्हाही चांगला. त्याच्या जोडीला अरुंद स्ट्रॉमधून गुणगुणावं: ओठ घट्ट, गाल न फुगवता, हवा फक्त स्ट्रॉमधून, दिवसात थोडा थोडा वेळ. हवेचा दाब उलटा येतो आणि स्वरतंतू कमी जोरानं आपटतात. इंगो टिट्झ या आवाजाच्या शास्त्रज्ञानं त्यामागचं गणित मांडलंय. आणि वर्गात माइक लावावा. ताईला त्याची लाज वाटते, म्हणून मुद्दाम लिहिते: आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली छापून आले. काहींना अंगावर अडकवायचा माइक दिला होता, काहींना आवाज जपण्याच्या सूचनांची यादी. माइकवाल्यांचा त्रास कमी झाला. यादीवाल्यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही.