हॉल इक्लेक्टिक, घरधनी हवालदिल

आपलं घर ‘इक्लेक्टिक’, म्हणजे नाना शैलींतून निवडून सजवलेलं, आहे असं सांगणाऱ्या बहुतेकांना काहीही टाकून देववत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वेताची खुर्ची, सनमायकाचं टीव्ही युनिट, वारली चित्रांच्या उश्या आणि आहेरात आलेलं काचेचं बदक एकाच हॉलमध्ये नांदतात. याला पूर्वी पसारा म्हणत आणि आवरायला सांगत. आता इंग्रजी नाव मिळाल्यामुळे पाहुण्यांना कौतुक करावं लागतं.

शब्द मूळचा ग्रीक, अर्थ ‘निवडून घेणारा’. अलेक्झांड्रियाच्या पोटामोन नावाच्या तत्त्वज्ञाचा पंथ या नावाने ओळखला जाई. प्रत्येक मतातलं पटेल तेवढं हा गृहस्थ उचलायचा. उरलेलं तिथेच ठेवून यायचा, हे मात्र आपण सोयीस्कर विसरतो.

वापरताना एवढं पाहावं की हा शब्द एकट्यादुकट्या वस्तूला लागत नाही. सोफा इक्लेक्टिक नसतो. आवड, संग्रह, जेवणाचा बेत, इमारत असू शकते. सुतारासमोर तर उच्चारूच नये. तो ‘इलेक्ट्रिक’ ऐकतो आणि दोन जादा स्विचबोर्डांचा खर्च सांगतो.

हे मिश्रण जमलेलं बघायचं तर मुंबईत वास्तुविशारद जॉर्ज विटेटने उभं केलेलं वस्तुसंग्रहालय बघावं, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या वळणाचा, कमानी-झरोके आणखी कुठकुठले. तरी डोळ्याला खुपत नाही, कारण सगळा डोलारा कुर्ल्याच्या करड्या बसॉल्टमध्ये आणि मालाडच्या पिवळसर दगडात आहे. वळणं अनेक, दगड दोनच.

घरात दगडाचं काम रंगाला करावं लागतं. एक रंग ठरवा आणि तो खोलीत निदान तीन ठिकाणी दिसू द्या: उशी, चित्र, सतरंजी. एकाच जागी दिसला तर डाग वाटतो. लाकडाच्या छटा तीनच्या वर नकोत, आणि प्रत्येक छटेला जोडीदार हवा. एकुलती एक काळपट शिसवी पेटी फिकट फर्निचरमध्ये विसरून राहिलेल्या सामानासारखी दिसते. सतरंजी एवढी मोठी हवी की सोफ्याचे पुढचे पाय तरी तिच्यावर येतील. ती छोटी पडली तर पायपुसणंच.

भिंतीवर खरी कसोटी लागते. तसबिरी छताला खेटून लावायची आपली जुनी खोड आहे; पाहुणा त्या बघतो की पंख्यावरची धूळ, ते कळत नाही. चित्रांच्या समूहाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा, दोन चौकटींत ५ ते ८ सेंटिमीटर अंतर. आधी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे कापून चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. घरातल्या सगळ्यांची भांडणं कागदावरच उरकतात, भिंतीची चाळण होत नाही. ड्रिलचं भोक गिट्टीच्या, म्हणजे स्क्रू धरायला भिंतीत ठोकायच्या प्लॅस्टिकच्या खुंटीच्या, मापाचंच पाडा. मोठं झालं की गिट्टी आतल्या आत फिरते, स्क्रू घट्ट बसत नाही आणि रात्री अडीचला पूर्वज खाली येतात.

दिव्यांकडे कुणी बघतच नाही. एका कोपऱ्यात ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब आणि दुसऱ्यात ६५००ची पांढरी ट्यूब लावली, की तीच मोतिया उशी इकडे लोण्यासारखी आणि तिकडे आजारी दिसते. दोष मग उशीला मिळतो.

एवढं करूनही खोली दाटलेली वाटली तर तिसरा हिस्सा माळ्यावर टाका आणि चार-सहा महिन्यांनी अदलाबदल करा. वस्तू काढणं अवघड नसतं, तिच्यामागे उभा असलेला नातेवाईक अवघड असतो. म्हणून खोक्यावर वस्तूचं नाव लिहू नका, देणाऱ्याचं लिहा. आत्यांची रिक्षा गेटवर थांबलेली असताना ‘पितळी मोर’ शोधत बसायला वेळ नसतो. ‘नागपूरच्या आत्या’ लगेच सापडतात.