खुलासा: २५ टक्के हे उद्दिष्ट होतं, वाटप नव्हे

‘यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचा चौथा हिस्सा निधी थेट मदत घेणाऱ्या देशांतल्या स्थानिक संस्थांच्या हाती गेला,’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. २५ टक्के हा आकडा खरा, पण ते उद्दिष्ट होतं. तेव्हाच्या प्रमुख समंथा पॉवर यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ते जाहीर केलं. प्रत्यक्षात २०२२ च्या आर्थिक वर्षात हा वाटा १० टक्क्यांच्या आसपास होता आणि पुढच्या वर्षी वाढायचा सोडून किंचित घटला. मोठ्या संस्थेमार्फत स्थानिक संस्थांपर्यंत झिरपणारा पैसा यात धरलेला नाही.

यूएसएडच्या नव्या भागीदार संस्थांसाठी २०१९ मध्ये वेगळा उपक्रम सुरू झाला होता, तरी घोडं अडलं कागदावर. थेट निधी हवा तर आधी अमेरिकी सरकारच्या पोर्टलवर इंग्रजीत नोंदणी. संस्थेचं नाव-पत्ता कागदपत्रांशी तंतोतंत जुळला नाही, तर ती रखडायची. मोठ्या संस्था यासाठी वेगळी माणसं नेमायच्या; दोन-चार कार्यकर्त्यांच्या संस्थेने हे कधी करायचं? ही अडचण खरी होती, म्हणूनच खोट्या आकड्याने ती झाकली जाऊ नये.

१ जुलै २०२५ पासून तर यूएसएडमार्फत परदेशी मदत देणंच बंद झालं.