अळवावरचं सोल्डर

भोसरीत आमचा एक छोटासा गाळा आहे, तिथे मी टाकीचं पाणी भरलं की मोटर आपोआप बंद करणारे कंट्रोलर बनवतो. म्हणजे तीन मुलं बनवतात आणि मी ओरडतो. गणपतीच्या आधी दोनशे पीस द्यायचे होते, आणि जुलैच्या एका ओल्याचिंब सकाळी आमचा पोरगा आला, म्हणाला, "सर, सोल्डर चिकटतच नाहीये."

जाऊन बघतो तर रिलेच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या डबीच्या, पायावर सोल्डरचा, म्हणजे जोड पक्का करणाऱ्या वितळलेल्या धातूचा, गोळा बसलाय, गोल गरगरीत, सोल्डरिंग गनच्या तापलेल्या टिपने ढकलला की टुणकन दुसऱ्या बाजूला, अळवावरचं पाणी परवडलं! पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर, मात्र छान पसरतंय, पायाशी काय वैर आहे कळेना. इंजिनिअर लोक ह्या पसरण्याला वेटिंग, म्हणजे ओलं होणं, म्हणतात, आमच्याकडे त्या दिवशी दुसरं, वाट बघण्याचं वेटिंगच जोरात चाललं होतं, कारण पार्टीचा दर तासाला फोन.

पोराने स्वतःचं डोकं लावून सोल्डरिंग स्टेशनचं टेंपरेचर 350 डिग्रीवरून 450 केलं. 63/37 चं, म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाचं, सोल्डर 183 डिग्रीला वितळतं, त्याला 450 म्हणजे चहा उकळायला भट्टी पेटवल्यासारखं. फ्लक्स, म्हणजे धातूवरचा मळ काढणारा पदार्थ, बिचारा काम करायच्या आधीच जळून धूर झाला, टिप काळी पडली, आणि चौथ्या बोर्डाचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, साल निघावं तसा वर आला. मी ओरडलो, पण खरं सांगायचं तर मीही आधी तेच करणार होतो.

मग भिंग लावून रिले बघितला. अंगावर बारीक छापलेलं, 0431. डेट कोड, म्हणजे 2004 सालचा एकतिसावा आठवडा. आमचा पोरगा 2005 चा. म्हटलं बाबा रे, ह्या रिलेला अरेतुरे करू नको, अहो म्हण, वयाने मोठे आहेत. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने "साहेब, एकदम फ्रेश माल" म्हणून दिला होता, आणि स्वस्त मिळाला म्हणून मीच त्या दिवशी घरी जाताना पेढे घेतले होते.

भानगड अशी की पायावर कथलाचा मुलामा असतो, तो काही मायक्रॉनचा. वर्षानुवर्षं पडून राहिला की खालचं तांबं हळूहळू त्यात मिसळत वर येतं, वरपर्यंत पोचून त्याला हवा लागली की जो थर बनतो तो साध्या फ्लक्सला दाद देत नाही. त्यात आमच्या पोरांनी पाकिटं फोडून रिले रबर बँडने बांधून ठेवलेले, आणि रबरात गंधक. शेजारच्या चांदीच्या मुलाम्याच्या स्विचांचे पाय तर मिशी उगवल्यासारखे काळे झाले होते, आणि ते वडापावच्या हाताने मोजले होते ते वेगळंच.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे मग कल्हई कर ना. आमच्या दारात कल्हईवाला बसायचा, पातेलं घासायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, झालं. तू शिकलास काय चार वर्षं?"

चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला हा टोला जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून नवसागर आणला, पाण्यात विरघळवला, पायाला लावला आणि टेकवली टिप. काय सांगू, गरम पुरणपोळीवर तूप पसरावं तसं सोल्डर पसरलं! पोरांनी टाळ्या वाजवल्या. तीस बोर्ड झाले.

आठ दिवसांनी बॉक्स उघडला तर रिलेभोवती हिरवी बुरशी. नवसागर म्हणजे क्लोराइड, पातेलं कल्हईनंतर धुतात, मी बोर्ड कुठे धुतले होते, आणि पावसाळी हवेत ते तांबं कुरतडत बसलं होतं. तीस बोर्ड गेले. आईला सांगितलं तर म्हणे, "धुवायचं पण मीच सांगायचं का?"

मग आला सरळ मार्ग. उरलेल्या 170 रिलेंचे पाच-पाच पाय, साडेआठशे पाय, शिवाय वाया गेलेल्यांच्या बदल्यातले. रोज संध्याकाळी मालिका लावून आई गवार निवडायला बसावी तशी बसायची, ब्लेडने एकेक पाय हलक्या हाताने खरवडायची, मी राळेचा फ्लक्स लावून वितळलेल्या सोल्डरच्या पॉटमध्ये दोन सेकंद बुडवायचो. शिसं आहे म्हणून दोघं साबणाने हात धुवून मगच पोह्यांना हात लावायचो. एखादा पाय बुडवूनही अर्धाच चमकला की आई म्हणायची, "हा जून निघाला, टाक." आणि तिचं बरोबर असायचं, ते पुन्हा घासून बुडवलं तरी ड्राय सोल्डरच, म्हणजे कच्चा जोडच, व्हायचं.

ऑर्डर गेली, गणपतीच्या आदल्या संध्याकाळी. तेवढ्यात त्या दुकानदाराचा फोन, "साहेब, तेच रिले अजून पाचशे आहेत, अर्ध्या रेटला लावून देतो." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर समोरून आई हळूच म्हणाली, "विचार, ब्लेडं फुकट देतो का."